छपराखालचं डुक्कर: 'जिआ' या चिनी अक्षराची खरी गोष्ट कोणती?

रेघोटी

नमस्कार मंडळी. गेल्या काही महिन्यांपासून चिनी शिकते आहे. बोलणं रडतखडत चाललंय, पण अक्षरं गिरवायला मनापासून आवडतात. इथे चिनी लिपी सगळ्यांना दिसेल की नुसते चौकोन दिसतील याचा भरवसा नाही, म्हणून उच्चार आणि वर्णन यांवरच भागवते.

अक्षर आहे 'जिआ'. पहिला सूर, म्हणजे उंच आणि सपाट. अर्थ घर, कुटुंब. वरच्या भागात छप्पर: डोक्यावर एक ठिपका, खाली आडवी रेघ, दोन्ही टोकं खाली वळलेली. आणि या छपराखाली माणूस नाही, बाई नाही, मूल नाही, चूलसुद्धा नाही. डुक्कर आहे!

का, म्हणून विचारलं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. माझ्या मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणतं, डुक्कर म्हणजे संपत्ती, ज्याच्याकडे डुक्कर त्याचंच घर भरलेलं. आमचे सर म्हणतात, पूर्वी माणसं माळ्यावर राहायची आणि खाली डुकरं बांधायची. एका व्हिडिओत तर ठासून सांगितलंय की डुकरं साप खातात, म्हणून घर सुरक्षित राहावं यासाठी ती पाळत, आणि तेच अक्षरात आलं.

यातलं खरं कोणतं? की तिन्ही पुड्या?

जाता जाता दुसरी शंका. चित्रकार, शास्त्रज्ञ या शब्दांच्या शेवटीही हेच 'जिआ' येतं. चित्रकाराचा घराशी काय संबंध? आणि डुकराशी तर त्याहून काय?

मधलीसुट्टी

सापाची गोष्ट मीही ऐकली आहे. पण काय हो, गोष्ट खरी असो नसो, अक्षर लक्षात राहिलं ना? झालं तर मग. मला तर ती अ‍ॅपवाली चित्रं नसती तर एक अक्षर आठवलं नसतं. उगाच कीस काढून काय मिळणार?

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचतोय.

शाईचा डाग

रेघोटीताई, डुक्कर आहे याबद्दल वाद नाही. ते तिथे काय करतंय, वाद याचा आहे. तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरं एक गोष्ट गृहीत धरून चालतात: अक्षर म्हणजे चित्र, आणि चित्रात जे दिसतं तोच अर्थ. घोळ तिथेच आहे.

'आई' या अर्थाचं अक्षर घ्या. 'मा', पहिला सूर. डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. आता रचा गोष्ट! आई घोड्यासारखी राबते, आई घोड्यावर बसून यायची, काय हवं ते. प्रत्यक्षात घोड्याला चिनीत 'मा' म्हणतात, तिसऱ्या सुरात, आणि तो घोडा तिथे फक्त उच्चार सांगायला उभा आहे. अर्थाचं काम बाईकडे, आवाजाचं घोड्याकडे. दहांतली आठ चिनी अक्षरं अशीच, एक तुकडा अर्थाचा आणि एक आवाजाचा, जोडून बनली आहेत. म्हणून कोणतंही जोड अक्षर समोर आलं की 'हे कशासारखं दिसतं' हे नंतर विचारावं. आधी विचारावं, 'याचा आवाज कुठून आला?'

'जिआ'ला हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस मी नव्हे. हान काळातला शू शेन नावाचा पंडित. त्याने 'शुओवेन जिएझी' हा कोश इ.स. १०० च्या सुमारास लिहून पुरा केला आणि १२१ मध्ये त्याच्या मुलाने तो दरबारात सादर केला. अक्षरं ९३५३, आणि त्यांची मांडणी ५४० गटांत. आज आपण कोशात अक्षर शोधताना जे रॅडिकल (अक्षराचा गट ठरवणारा तुकडा) धरतो ती पद्धत याच माणसाची देणगी. त्याची 'जिआ'ची नोंद अगदी त्रोटक आहे. अर्थ: राहण्याची जागा. घडण: छप्पर, आणि त्याखाली आवाजासाठी 'जिआ'चा संक्षेप.

हा दुसरा 'जिआ' कोण? तर नर डुक्कर, वराह. त्याचं पूर्ण अक्षर म्हणजे डावीकडे डुक्कर आणि उजवीकडे आवाज दाखवणारा एक गुंतागुंतीचा तुकडा. शू शेनचं म्हणणं असं की छपराखाली हे पूर्ण अक्षर मावेना, म्हणून उजवा तुकडा गळला आणि नुसतं डुक्कर उरलं. म्हणजे ते डुक्कर तिथे संपत्ती म्हणून नाही, सापाचा काळ म्हणून नाही, आवाज म्हणून आहे. आईमधला घोडा तसं घरातलं डुक्कर.

पटलं? एका माणसाला मुळीच पटलं नाही. दुआन यूत्साय, चिंग राजवटीतला भाष्यकार, १७३५ ते १८१५. त्याने अवघं आयुष्य शू शेनच्या कोशावर टीका लिहिण्यात घालवलं म्हटलं तरी चालेल. 'जिआ'पाशी येऊन तो अडतो आणि म्हणतो, हे मोठं संशयाचं प्रकरण आहे. त्याचा मुद्दा रोकडा: डुक्कर असलेली अक्षरं कितीतरी आहेत, मग इथलं डुक्कर हे नेमकं त्या नराचाच संक्षेप, हे कशावरून? आवाजच दाखवायचा होता तर आवाजाचा तुकडा ठेवायचा आणि डुक्कर गाळायचं. इथे तर उलटंच झालंय, आवाजाचा तुकडा गेला आणि डुक्कर राहिलं! हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

दुआनचं स्वतःचं उत्तर साधं आहे. अक्षराचा मूळ अर्थ डुकराचं राहण्याचं ठिकाण, म्हणजे खुराडा. तोच शब्द पुढे माणसाच्या ठिकाणाला लागला. पुरावा म्हणून तो शेजारचं एक अक्षर पुढे करतो: 'लाओ', छपराखाली बैल. मूळ अर्थ गोठा, आणि आजचा अर्थ तुरुंग. जनावर कोंडण्याची जागा माणूस कोंडण्याची झाली. मग डुकराची जागा माणसाची का होऊ नये?

मला दुआन आवडतो. भांडायचं तर असं भांडावं. पण या फेरीत निकाल त्याच्या विरोधात जाऊ शकतो, कारण त्याच्या मृत्यूनंतर चौऱ्यांशी वर्षांनी पुरावाच बदलला. १८९९ मध्ये वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की जुन्या हाडांवर दिसणाऱ्या रेघा म्हणजे लिपी आहे. (औषधाच्या पुडीत त्याला ते हाड सापडल्याची कथा फार रंगवून सांगतात. तीही याच सापाच्या जातीची. तिला आधार कच्चा आहे.) ही हाडं हेनान प्रांतातल्या आनयांगजवळची, शांग राजांच्या शेवटच्या राजधानीतली. कासवाच्या पोटाकडचं कवच आणि बैलाच्या खांद्याचं हाड तापवायचं, तडे कसे जातात ते पाहून कौल घ्यायचा आणि प्रश्न तिथेच कोरायचा, असा प्रकार. काळ साधारण इ.स.पू. १२५० पासून पुढचा. म्हणजे शू शेनच्याही तेराशे वर्षं आधीचा. शू शेनने यातलं एकही हाड पाहिलेलं नव्हतं. त्याच्यासमोर मुख्यतः छिन काळात, म्हणजे हानच्या आधीच्या राजवटीत, ठरवून दिलेली मुद्रालिपी होती.

आता हाडांवरचं डुक्कर जवळून बघा. ते चार पायांवर उभं नाही, शेपटीवर उभं आहे. डोकं वर, शेपूट खाली, पाय एका बाजूला. हत्ती, घोडा, कुत्रा सगळे असेच उभे केलेत, कारण मजकूर वरून खाली लिहायचा, रांग अरुंद, आडवं जनावर मावायचं कसं? कुत्रा आणि डुक्कर तर इतके सारखे दिसतात की नवखा हमखास फसतो. खूण अशी: शेपूट वर वळलेली आणि पोट सपाट तो कुत्रा, शेपूट खाली लोंबती आणि पोट सुटलेलं ते डुक्कर. आणि हाडांवरच्या काही 'जिआं'मध्ये छपराखालच्या डुकराच्या पोटाशी एक छोटी जादा रेघ आहे. ती नराची खूण. म्हणजे ते कुठलंही डुक्कर नव्हे, वराहच. आणि वराह म्हणजे 'जिआ'. दोन्ही शब्दांचा प्राचीन उच्चारही एकच धरला जातो.

म्हणून माझा कौल शू शेनला. त्याची 'संक्षेप' ही वाट चुकीची असेल, पण कान बरोबर होता. संक्षेप करायची गरजच नव्हती. वराहाचं चित्र काढलं की आवाज आपोआप आला. पुढे ती छोटी रेघ गळाली, साधं डुक्कर उरलं, आणि लोकांना गोष्टी सुचायला लागल्या.

सापाचं म्हणाल तर तो शू शेनच्या नोंदीत नाही, दुआनच्या टीकेतही नाही.

मधलीसुट्टी, लक्षात ठेवायला गोष्ट जरूर वापरा, मीही वापरतो. फक्त ती कुणाला इतिहास म्हणून सांगू नका, एवढंच.

बखरबहाद्दर

शाईचा डाग यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे दणदणीत. पण एक बाजू त्यांनी पटकन गुंडाळली असं वाटतं, म्हणून लिहितो.

आवाज जुळतो हे मान्य. पण 'जिआ' आवाजाची इतर अक्षरं असताना वराहच का निवडला? हाडांवरच्या मजकुरात 'जिआ' हा शब्द येतो तो पूर्वजांच्या देवळाच्या अर्थानेही येतो. शांग राजांचा पूर्वज शांगजिआ, त्याच्या 'जिआ'त बळी द्यायचा का, असे कौल घेतलेले आहेत. (शांगजिआमधला 'जिआ' वेगळा बरं का, तिसऱ्या सुराचा.) आणि तिथे बळी म्हणून काय जायचं? बैल, मेंढी, डुक्कर. पुढच्या काळात या तिघांच्या बळीला 'थायलाओ' म्हणजे मोठा बळी, आणि नुसत्या मेंढी-डुकराला 'शाओलाओ' म्हणजे धाकटा, अशी नावंच पडली. त्यातला 'लाओ' म्हणजे वर आलेला तोच गोठा. तेव्हा छपराखालचं डुक्कर हे पूर्वजांसमोर ठेवलेलं डुक्कर, असं काही अभ्यासक मांडतात आणि मला ते मनाला लागतं.

शिवाय सरांची माळ्याची गोष्ट अगदीच टाकाऊ नाही. हान काळातल्या थडग्यांत मातीची छोटी घरं पुरलेली सापडतात, त्यांत डुकराचा खुराडा आणि त्याच्यावर शौचकूप असं एकत्र बांधकाम दिसतं. हिरव्या झिलईची ती खेळणीवजा घरं कित्येक संग्रहालयांत आहेत. यासाठी स्वतंत्र अक्षरही आहे, 'हुन': चौकटीत कोंडलेलं डुक्कर. अर्थ खुराडा आणि शौचकूप, दोन्ही.

रेघोटी

बापरे, एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं! म्हणजे सरांना अगदीच खोटं पाडायला नको तर. पण शाईचा डाग, बखरबहाद्दरांच्या देवळाचं काय? आणि माझा चित्रकार राहिलाच की.

शाईचा डाग

बखरबहाद्दर, देवळाचा मुद्दा वजनदार आहे आणि तो मी खोडणार नाही. शब्दाचा अर्थ नुसत्या चार भिंती असा नव्हता, कुळ आणि कुळाचं देवस्थान असा होता, हे तर त्यातून स्पष्टच होतं. पण 'जिआ' देवळाला म्हणत आणि देवळात डुक्कर कापत, एवढ्यावरून अक्षरातलं डुक्कर बळीचं ठरत नाही. बळी तर मेंढीचाही जायचा, बैलाचा तर मान मोठा. मग छपराखाली नेमका वराहच का? हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, तोच तुम्हालाही लागू. आवाजाकडे याचं उत्तर आहे, बळीकडे नाही.

मातीच्या घरांचं मात्र मी ऐकणार नाही. हान राजवट इ.स.पू. २०६ ला सुरू होते. अक्षर त्याच्या हजारभर वर्षं आधीच तयार होतं. नातवाच्या घराचा नकाशा दाखवून आजोबा कसे राहायचे ते सांगता येत नाही. आणि तुम्हीच दिलेला 'हुन' बघा: खुराड्याला स्वतःचं वेगळं अक्षर होतं, त्यात छप्पर नाही, चौकट आहे. हा पुरावा माझ्या बाजूने जास्त जातो, दुआनच्या बाजूने कमी. राहता राहिला सरांचा माळा. खांबांवर उचललेली घरं दक्षिणेच्या ओल्या मुलखात असायची. अक्षर घडलेलं दिसतं ते उत्तरेच्या पिवळ्या मातीत.

डुकरं तिथे होती, हे खरंच. हेनानमधल्याच जिआहू इथे सुमारे ८५०० वर्षांपूर्वीची पाळीव डुकरं सापडली आहेत. पण गावात डुकरं असणं वेगळं आणि अक्षरात असणं वेगळं.

आता रेघोटीताईंचा चित्रकार. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि मराठी माणसाला तो समजावून सांगायचीसुद्धा गरज नाही. आपण घरावरून घराणं केलं, आणि घराण्यावरून गायकी. अमक्या घराण्याचा गवय्या म्हटलं की तो त्या घरात जन्मलाच पाहिजे असं नाही. चिनीत हेच झालं, दोन हजार वर्षांपूर्वी. विद्या घरात, बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जायची. मग त्या परंपरेलाच 'जिआ' म्हणू लागले. सिमा थान या दरबारी इतिहासकाराने आपल्या आधीच्या विचारवंतांची सहा 'जिआं'त वाटणी केली. त्याचा मुलगा सिमा छ्येन याने ती वडिलांच्या नावाने आपल्या इतिहासग्रंथात नोंदवून ठेवली. कन्फ्यूशिअसचे अनुयायी ते 'रूजिआ', ताओवाले 'दाओजिआ', कायद्याची भाषा बोलणारे 'फाजिआ'. घराण्यावरून त्यातला जाणकार, तज्ज्ञ, आणि मग 'हुआजिआ' चित्रकार, 'ख-श्वेजिआ' शास्त्रज्ञ. डुकराचा संबंध तेव्हा कधीच सुटला होता.

पुढे जाल तसं हे अक्षर सगळीकडे भेटेल. देश म्हणजे 'गुओजिआ'. सगळेजण म्हणजे 'दाजिआ', शब्दशः मोठं घर. दुकानं, कंपन्या, खाणावळी मोजतानाही 'एक जिआ, दोन जिआ' असंच मोजायचं. आणि गंमत म्हणजे ज्या 'जिआ'त वराह आवाजासाठी आला, तो अख्खा 'जिआ' मग दुसऱ्या अक्षरांत आवाजासाठी जाऊन बसला. बाई अधिक 'जिआ', चौथा सूर: मुलीचं लग्न होऊन सासरी जाणं. इथे अर्थही बसतो, म्हणून लोक लगेच 'बाईला घर मिळालं' वगैरे सुरू करतात. मग त्यांना पुढचं अक्षर दाखवायचं: धान्याचं रोप अधिक 'जिआ', तोच चौथा सूर, अर्थ शेती, पीक. गव्हाला घर मिळालं का?

असंच आणखी एक, कारण राहवत नाही. 'जिआ'तलंच छप्पर, खाली डुकराऐवजी मूल. उच्चार 'झ्', चौथा सूर. मूळ अर्थ जन्म देणं, वाढवणं. आणि आजचा अर्थ? अक्षर! खुद्द लिपीतल्या अक्षराला हेच नाव. शू शेनने त्याच्या कोशाच्या उपसंहारात कारण दिलंय: साधी चिन्हं एकमेकांशी जोडली गेली, त्यांना पोरं झाली, आणि ती वाढतच गेली, म्हणून 'झ्'. त्यातल्या मुलाचा आवाजही 'झ्'च आहे, तिसऱ्या सुरातला. इथे अर्थ आणि आवाज दोन्ही एकाच पोराने सांभाळलेत.

मधलीसुट्टी

कीस काढून काय मिळणार, असं विचारलं होतं. 'अक्षर' म्हणजे छपराखालचं पोर हे मिळालं, पैसे वसूल. पण आता अ‍ॅप उघडलं की प्रत्येक चित्रावर संशय यायला लागलाय, त्याचं काय करू?

बखरबहाद्दर

संशय घ्या, पण सरसकट नको. वर आणि खाली, डोंगर, चंद्र, झाड ही खरोखरच चित्रं किंवा खुणा आहेत. सगळा आवाजाचाच खेळ म्हणणं हे दुसरं टोक झालं. आणि शाईचा डाग, शू शेनलाही सगळीकडे पास करू नका. पूर्व दिशेचं 'दोंग' आठवा. 'झाडामागे उगवता सूर्य' ही आजही वर्गावर्गांत सांगितली जाणारी गोष्ट त्याच्याच कोशातली. हाडांवर पाहिलं तर ती दोन्ही तोंडं बांधलेली गोणी निघाली! दिशेसाठी काढायला चित्र नव्हतं, म्हणून सारख्या आवाजाचं उसनं घेतलं.

शाईचा डाग

गोणी मान्य. त्या गोणीवर फारसं कुणी वाद घालत नाही. मात्र बघा, तिथेही उत्तर आवाजातच सापडलं.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना हा धागा दाखवणार आहे, बघू काय म्हणतात.

शेवटची एक शंका, विषयाला थोडी सोडून. हे अक्षर माझ्या हातून नेहमी उजवीकडे कलतं. छप्पर नीट येतं, पण डुक्कर घसरून पडतंय असं दिसतं. शाईचा डाग, तुम्ही ब्रशने लिहिता असं मागे एका धाग्यात वाचलं होतं. काही युक्ती?

शाईचा डाग

सगळ्यांचं कलतं. एकूण दहा फटकारे, त्यातले तीन छपराचे आणि सात डुकराचे, आणि सगळा भार सहाव्यावर आहे: डुकराची पाठ, ती वाकून खाली आकडा होणारी रेघ. बहुतेकजण ती सरळ खाली ओढतात किंवा उजवीकडे पळवतात. ती आधी उजवीकडे फुगवा आणि मग खाली येताना परत मधे आणा. तिचा आकडा छपरावरच्या पहिल्या ठिपक्याच्या बरोबर ओळंब्यात यायला हवा. चौकट आखलेला कागद असेल तर मधल्या उभ्या रेषेवर ठिपका आणि त्याच रेषेवर आकडा. हे जमलं की अर्धं काम झालं.

डावीकडचे तीन फटकारे एकाच मापाचे, एकाच कलाचे काढू नका, फणी दिसते. पहिला आखूड, खालचे क्रमाने लांब, आणि प्रत्येकाचा कल थोडा वेगळा. उजवीकडे आधी तो आखूड तिरका, आणि शेवटचा लांब फटकारा त्याच्या सांध्यातून निघून उजवीकडे खाली. तो शेवटचा हलक्या हाताने सुरू करा, टोकाशी दाब द्या आणि आडवा उचला. डावीकडे तीन पाय आहेत, उजवीकडे तोल सांभाळायला हा एकटाच, म्हणून तो भारदस्त हवा. तुमचं कलतं ते बहुधा हा एक बारीक राहतो म्हणून.

एक पानभर काढून फोटो टाका, बघून सांगतो.